बंबाच्या जागी गिझर : धुराची वाट कोठून काढावी?

महोत्सवाच्या स्मरणिकेत संस्थेचा इतिहास असतो, देणगीदारांची नामावली असते, संस्थापकांच्या आठवणी असतात. त्या पानांत न्हाणीघरातील धुराड्यावर लेख पाहून काही वाचकांस नवल वाटेल. परंतु संस्थेच्या इमारतीची देखभाल पाहणाऱ्या आम्हां मंडळींस काही वर्षांपूर्वी जो धडा मिळाला, तो आपल्या प्रत्येक घरी पोहोचावा अशी आमची इच्छा आहे. सूचनाफलकावरचा कागद आठवड्याभरात उडून जातो. स्मरणिका मात्र कपाटात जपून ठेवली जाते. म्हणून ही जागा आम्ही मागून घेतली.

लष्करातील आपल्या अतिथिगृहाचे न्हाणीघर जुन्या मंडळींस आठवत असेल. कोपऱ्यात तांब्याचा मोठा बंब, त्याच्या पोटातून वर गेलेली नळी, नळीवर पत्र्याचे धुराडे, आणि ते धुराडे भिंतीतील भोकातून मागच्या बोळात निघालेले. वर कौले होती. कौलांच्या फटींतून उजेड येई, वारा येई आणि पावसाळ्यात थोडे पाणीही येई. पुढे जीर्णोद्धार झाला. कौले जाऊन सिमेंटचा स्लॅब आला, भिंतींना पांढऱ्या फरशा लागल्या, झरोक्यास काच बसली, दारास रबराची पट्टी लागली. बंब चिंचेने घासून लखलखीत करून सभागृहात शोभेसाठी ठेवला गेला आणि त्याच कोपऱ्यात भिंतीवर गॅसचा गिझर लागला. गिझर बसविणाऱ्या कारागिराने विचारले, “धुराची नळी कोठे सोडू?” आम्ही म्हणालो, “जुने भोक आहेच, त्यातच सोडा.” त्या एका वाक्यात आमची सारी चूक सामावलेली होती.

जानेवारीतील एका पहाटे अतिथिगृहात बाहेरगावचे एक कुटुंब उतरले होते. ग्वाल्हेरची त्या दिवसांतली थंडी वाचकांस सांगावयास नकोच. प्रथम यजमानांनी स्नान केले, पाठोपाठ मुलाने, आणि शेवटी गृहिणी आत गेल्या. यजमानांचे डोके जड झाले होते; रात्रीच्या प्रवासाने असेल, असे ते म्हणाले. थोड्या वेळाने बादली भरून वाहिल्याचा आवाज येऊ लागला, पाणी दाराखालून बाहेर आले. हाक मारली तर उत्तर नाही. आमच्या चौकीदाराने आधी बाहेरच्या सिलिंडरचा कॉक बंद केला, मग दार फोडले आणि बाईंना उचलून उघड्या चौकात आणले. जमलेल्यांपैकी कोणी म्हणाले, उपाशीपोटी चक्कर आली असेल. कोणास हृदयविकाराची शंका आली. चौकीदार एवढेच म्हणाला, “सिगडी का गॅस चढ़ गया है.” त्याच्या गावी बंद खोलीत सिगडी ठेवून झोपलेली माणसे त्याने पाहिली होती. रुग्णालयातील रक्ततपासणीत त्याचेच म्हणणे खरे ठरले. प्राणवायू दिल्यावर बाई शुद्धीवर आल्या व दोन दिवसांनी सुखरूप घरी गेल्या. आणखी पाच मिनिटे गेली असती तर काय झाले असते, हा विचार आजही आमच्या मनातून जात नाही.

त्यानंतर आम्ही या विषयाची जी माहिती मिळविली, ती पुढे क्रमाने देत आहोत.

हवेचा हिशेब

ज्योत जळते ती गॅस आणि हवा या दोहोंवर. सिलिंडरच्या गॅसचा पैसा आपण मोजतो; हवा फुकट मिळते म्हणून ती कोणी मोजत नाही. आपण मोजून पाहू.

मिनिटास सहा लिटर पाणी देणारा गिझर घरोघरी असतो. जानेवारीत टाकीचे पाणी बारा अंशांवर असेल आणि ते सदतीस अंशांपर्यंत तापवावयाचे असेल, तर दर मिनिटास सहा गुणिले पंचवीस म्हणजे १५० किलोकॅलरी उष्णता लागते. काही उष्णता वाया जाते हे धरून त्यासाठी मिनिटास सुमारे १७ ग्रॅम गॅस जाळावा लागतो. आता, एक किलो गॅस पूर्ण जळण्यास सुमारे १३ घनमीटर हवा लागते. म्हणजे आपला गिझर दर मिनिटास सुमारे २२० लिटर हवा खातो. स्वस्थ बसलेला माणूस मिनिटास सहा ते आठ लिटर हवा आत ओढतो. भिंतीवरची ती लहानशी पेटी तीस माणसांच्या श्वासाइतकी हवा एकटी ओढून घेते.

आमचे न्हाणीघर पाच फूट लांब, पाच फूट रुंद आणि आठ फूट उंच, म्हणजे दोनशे घनफूट; लिटरांत सुमारे ५,६०० लिटर. एका स्नानास गिझर आठ मिनिटे चालला असे धरले, तर तीन स्नानांस चोवीस मिनिटे होतात, आणि चोवीस मिनिटांत सुमारे ५,३०० लिटर हवा संपते. तिसऱ्या स्नानाच्या अखेरीस खोलीभर हवेचा हिशेब पुरा होतो! हिशेब ढोबळ आहे. दाराच्या फटीतून थोडी हवा येतेच. पण हवेतील प्राणवायू साफ संपेपर्यंत ज्योत नीट जळत राहते असे मुळीच नाही. तो थोडा कमी झाला आणि जळालेला वायू खोलीतच साठला की ज्वलन बिघडू लागते. आणि धोका तेथून सुरू होतो.

एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवावी. पुष्कळ गिझर वीस मिनिटांनी आपोआप बंद होतात, म्हणून लोक निर्धास्त असतात. पण एकाने तोटी बंद केली आणि दुसऱ्याने उघडली की ते घड्याळ पुन्हा आरंभापासून चालू होते. खोलीतील हवा मात्र आरंभापासून ताजी होत नाही. म्हणून नरकचतुर्दशीच्या पहाटे, जेव्हा घरातील सहा-सात माणसे ओळीने अभ्यंगस्नान करतात, तेव्हा सर्वांत वाईट हवा वाट्यास येते ती शेवटी स्नान करणाराच्या; आणि शेवटी कोण स्नान करते, हे आपल्या घरांत सांगावयास नको.

न दिसणारा धूर

गॅस पूर्ण जळाला की कार्बन डायॉक्साइड आणि पाण्याची वाफ होते. अपुऱ्या हवेत जळाला की त्याबरोबर कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्यास रंग नाही, वास नाही, चव नाही. सिलिंडरमधील गॅसला वास यावा म्हणून त्यात मुद्दाम दुर्गंधी द्रव्य मिसळलेले असते, परंतु ते ज्योतीत जळून जाते. म्हणून “वास येत नाही, म्हणजे भीती नाही” हा समज गॅस गळण्यापुरता खरा, आणि धुराच्या बाबतीत अगदी खोटा आहे.

आपल्या रक्तातील तांबडे द्रव्य प्राणवायू वाहून नेते. त्याच द्रव्यास हा वायू प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट चिकटतो. हवेत तो शेकडा ०.१६ इतका असला तर वीस मिनिटांत डोके दुखते, चक्कर येते, मळमळते, आणि एक-दोन तासांत प्राण जातो. शेकडा ०.६४ झाला तर दहा ते पंधरा मिनिटे पुरतात. सर्वांत वाईट म्हणजे बुद्धी आणि पाय यांवर त्याचा अंमल आधी होतो. बाहेर पडावे हे सुचत नाही, आणि सुचले तरी पाय उचलत नाहीत. न्हाणीघराचे दार आतून लावलेले असते. मग हाक तरी कोण मारणार!

हा शोध नवा नाही. इंग्लंडमधील जॉन स्कॉट हॉल्डेन या शरीरशास्त्रज्ञाने गेल्यापूर्वीच्या शतकाच्या अखेरीस कोळशाच्या खाणींतील मृत्यू तपासून, स्फोटानंतर पुष्कळ कामगार आगीने नव्हे तर या वायूने मरतात, हे दाखवून दिले. माणसाआधी विष बाधणारे लहान प्राणी खाणीत न्यावेत, ही सूचना त्याचीच. तेव्हापासून कॅनरी पक्ष्याचा पिंजरा घेऊन खाणीत उतरण्याची जी चाल पडली, ती तेथे १९८६ पर्यंत होती.

मग बंबाने असा घात का केला नाही? बंबातही हा वायू होताच, किंबहुना अधिक असे. परंतु बंबाचा धूर डोळ्यांत झोंबे, घशात खवखवे; त्या खोलीत कोणास उभेच राहवत नसे. शिवाय वर कौलांच्या फटी होत्या. बहुतेक घरांत तर बंब परसात किंवा मागच्या पडवीत पेटे आणि कढत पाणी तेवढे घंगाळात आत येई. जुने यंत्र आपल्या धुराची वर्दी देई. नवे यंत्र स्वच्छ, निळे, निःशब्द आहे, आणि वर्दी देत नाही. यंत्र बदलताना आम्ही ही वर्दी काढून टाकली, खोली घट्ट बंद केली, आणि धुराची वाट मात्र जुनीच ठेवली.

जुने भोक का चालत नाही

अपघातानंतर बोळात शिडी लावून पाहिले, तेव्हा तीन गोष्टी दिसल्या. भोकात कबुतरांनी घरटे बांधले होते. बंबाचे धुराडे भोकातून बाहेर पडून पूर्वी छपराच्या वर जात असे, ते जीर्णोद्धारात मोडीत निघाले होते, त्यामुळे नवी नळी बोळातच संपत होती. आणि बोळ तरी कसला! शेजारची तीन मजली भिंत अवघ्या दोन फुटांवर उभी राहिलेली, बोळाचे एक तोंड कायमचे बंद. धूर बाहेर पडला तरी जाणार कोठे?

याच सुमारास आपल्या एका सभासदांच्या इंग्लंडमधील चिरंजीवांचे पत्र आले. त्यांच्या घरचा जुना बॉयलर काढून नवा बसला होता. तिकडे बॉयलर म्हणजे घरातील पाणी आणि खोल्या दोन्ही तापविणारे गॅसचे यंत्र. त्यांनी लिहिले होते : “कारागीर आला, त्याने बॉयलरकडे पाहिलेही नाही. आधी घराबाहेर जाऊन टेप लावून खिडकी, कुंपण, पन्हळ यांची अंतरे मोजली. मग म्हणाला, जुने भोक बुजवावे लागेल.” हे वाचून आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो. आमचा क्रम नेमका उलटा होता.

ब्रिटनमध्ये हे काम नोंदणी झालेल्या गॅस कारागिरानेच करावयाचे, असा कायदा आहे. ती नोंदणी २००९ पासून ‘गॅस सेफ रजिस्टर’ या नावाने होते. तेथील १९९८ च्या गॅस-सुरक्षा नियमांप्रमाणे न्हाणीघरात लावावयाचे यंत्र असे असावे लागते की, जे खोलीतील हवा मुळीच वापरीत नाही. हवा बाहेरून घेते आणि धूर बाहेरच सोडते. धुराड्याचे मुख कोठे असावे याची अंतरे इमारतीच्या नियमांत दिली आहेत. पंखा लावलेल्या बंदिस्त यंत्रासाठी त्यांतील मुख्य अशी : उघडणाऱ्या खिडकीपासून किंवा झरोक्यापासून ३०० मिलिमीटर, म्हणजे सुमारे एक फूट, जमिनीपासून वर तेवढेच, समोरच्या भिंतीपासून किंवा हद्दीपासून ६०० मिलिमीटर, दोन धुराड्यांची मुखे समोरासमोर असली तर त्यांत १,२०० मिलिमीटर, एकाच भिंतीवर एकाखाली एक असली तर १,५०० मिलिमीटर. मुख जमिनीपासून दोन मीटरांच्या आत असेल तर त्यास जाळी हवी, कारण ते तापते आणि मुलांचा हात लागतो.

परंतु आम्हांस सर्वांत बोधक वाटली ती एक निराळीच गोष्ट. पंखा नसलेले, उष्णतेच्या जोरावरच धूर बाहेर टाकणारे यंत्र असेल आणि त्याची शक्ती १४ ते ३२ किलोवॅट असेल, तर खिडकीच्या बरोबर खाली त्याचे मुख १,५०० मिलिमीटर दूर असावे लागते. पंखेवाल्या यंत्रास तेथेच ३०० पुरतात. म्हणजे भिंत तीच, खिडकी तीच, आणि यंत्र बदलले की अंतर पाचपट बदलते. एका यंत्रासाठी योग्य असलेले भोक दुसऱ्यासाठी योग्य असेलच, हे कोणत्या आधारावर म्हणावयाचे?

दुसरे उदाहरण उताराचे. तिकडे २००५ पासून नवे गॅस बॉयलर बहुधा असे असतात की, जे धुरातील वाफेचीही उष्णता काढून घेतात. त्यांचा धूर थंड झालेला असतो, तो वर न चढता ढगासारखा मुखापाशीच रेंगाळतो, आणि नळकांड्यात पाणी साचते. ते आम्लयुक्त पाणी यंत्रात परतून मोरीत जावे म्हणून नळकांडे यंत्राच्या बाजूस उतरते बसवितात. कित्येक जुन्या बॉयलरांचे नळकांडे पावसाचे पाणी आत येऊ नये म्हणून बाहेर उतरते असे. एकाच भोकात दोन उलट उतार कसे बसणार?

ही अंतरे त्या देशाच्या नियमांतील आहेत, हे वाचकांनी विसरू नये. आपल्याकडे गिझरबरोबर आलेल्या पुस्तिकेत जे अंतर दिले असेल ते प्रमाण मानावे. अधिक असेल ते अंतर घ्यावे, कमी नव्हे. आणि अंतर ही केवळ किमान अट आहे. आमच्या बोळात दोन फूट भरतच होते, म्हणजे टेप लावला असता तर कागदावर सारे ठीक दिसले असते. पण तीन बाजूंनी बंद जागेत धूर कोंडतो आणि वारा उलटला की तोच धूर आत परततो. जेथे वारा मोकळा फिरतो, तेथेच धुराड्याचे मुख असावे. सदनिकांच्या इमारतींत न्हाणीघरांच्या खिडक्या ज्या अरुंद उभ्या पोकळीत उघडतात, त्या पोकळीत धूर सोडणे म्हणजे वरच्या मजल्यावरील शेजाऱ्यांच्या न्हाणीघरात सोडणेच होय.

गिझरचे चार प्रकार

बाजारातील गॅस गिझर धुराच्या दृष्टीने चार जातींचे असतात. पहिल्यास धुराडेच नसते. तो खोलीची हवा घेतो आणि धूर खोलीतच सोडतो. घरोघरी दिसणारे लहान, स्वस्त गिझर बहुधा याच जातीचे. हा न्हाणीघराच्या आत कदापि लावू नये. खिडकी उघडी ठेवण्याचा नियम थंडीत कोणी पाळीत नाही. दुसऱ्यास वर नळकांडे असते, ज्यास कारागीर ‘फ्लू’ म्हणतात. हवा मात्र तो खोलीतूनच घेतो. यास बाहेरून हवा येण्यासाठी कायमचे उघडे, झाकता न येणारे भोक लागते. नळकांडे यंत्रातून निघून आधी सरळ वर जावे, मगच वळावे. वळणे कमी असावीत. आडवा भाग आखूड व बाहेरच्या दिशेस किंचित चढता असावा. आणि यंत्राच्या तोंडाहून अरुंद नळी जोडू नये. तरीही हा न्हाणीघरात नको, असेच आमचे मत झाले आहे. तिसरा पंख्याने धूर बाहेर ढकलतो, पण हवा खोलीचीच घेतो. म्हणून त्यासही हवेची वाट हवीच. चौथा पूर्ण बंदिस्त. नळकांड्यात नळकांडे असते, बाहेरच्यातून हवा आत येते, आतल्यातून धूर बाहेर जातो. आत लावावयाचाच असेल तर हा एकच लावण्याजोगा.

येथे एक गैरसमज सांगितला पाहिजे. न्हाणीघरात भिंतीवरचा पंखा लावला की काम झाले, असे अनेकांस वाटते. खोली बंद असेल आणि गिझर दुसऱ्या जातीचा असेल, तर तो पंखा खोलीतील हवा ओढतो, आणि तिची भरपाई धुराड्यातून होते. म्हणजे बाहेर जाणारा धूर उलटा आत येतो! रोगापेक्षा उपचार वाईट ठरतो.

आम्ही काय केले

आम्ही गिझर न्हाणीघरातून काढला. मागच्या पडवीच्या बाहेरच्या भिंतीवर, जेथे दोन बाजू मोकळ्या आहेत, वर छप्पर आहे आणि जवळपास कोणाची खिडकी नाही, तेथे तो लावला. तसे लावण्यास चालते, हे आधी त्याच्या पुस्तिकेत पाहून घेतले. सिलिंडर त्याच पडवीत उभा ठेवला. भिंतीतून आत गेली ती फक्त गरम पाण्याची नळी, तीवर ऊब टिकविणारे वेष्टण घातले. आरंभी थोडे थंड पाणी येते, ते एका बादलीत धरून झाडांस घालतो. एवढीच काय ती गैरसोय. जुने भोक विटांनी बुजवून टाकले आणि झरोक्याची काच काढून तेथे जाळी बसविली.

ज्यांच्या घरी पडवी, गच्ची, मोकळी बाजू असेल त्यांनी हाच मार्ग धरावा. ज्यांची सदनिका सर्व बाजूंनी बंद आहे आणि जेथे धुराड्यास मोकळी भिंतच नाही, त्यांनी गॅसचा हट्ट सोडून विजेचा किंवा सूर्याच्या उष्णतेचा उपाय पाहावा. विजेचा गिझर धूर करीत नाही; त्याची भूमिजोडणी मात्र जाणत्याकडून तपासून घ्यावी.

ज्यांच्याकडे नळकांड्याचा गिझर सध्या आहे, त्यांनी एक सोपी परीक्षा करावी. घरात दुसरे माणूस हाकेच्या अंतरावर असावे. दार-खिडक्या लावून, पंखा असेल तर तो चालू करून गिझर पाच मिनिटे चालवावा, मग पेटलेली उदबत्ती नळकांड्याच्या मुळाशी जेथे फट असते तेथे धरावी. धूर आत ओढला गेला तर वाट चालू आहे. तो खोलीत परतला तर तत्काळ गिझर बंद करून सर्व उघडावे आणि कारागीर येईपर्यंत तो वापरू नये. ज्योत निळी असावी. पिवळी दिसू लागली किंवा पेटीवर काजळी धरली तर तीही धोक्याची खूण आहे. परंतु निळ्या ज्योतीवर आणि एकदा चांगल्या निघालेल्या उदबत्तीवर विसंबून निश्चिंत होऊ नये. दरवर्षी दिवाळीपूर्वी, भांडी घासावयास निघतात त्याच आठवड्यात, गिझरची सफाई करून घ्यावी आणि धुराड्याच्या मुखात घरटे नाही ना, हे डोळ्यांनी पाहावे. या वायूची वर्दी देणारी लहान विजेची घंटाही आता मिळते. ती न्हाणीघराच्या ओलीत न लावता लगतच्या खोलीत लावावी. ती शेवटचा पहारेकरी आहे; तिच्या भरवशावर धुराची वाट बंद ठेवू नये.

आणि प्रसंग आलाच तर? आधी बाहेरून गॅस बंद करावा, दार व खिडक्या उघडाव्यात, श्वास रोखून आत जावे, माणसास ओढून उघड्या हवेत आणावे आणि लगेच रुग्णालयात न्यावे. तेथे “गॅस गिझर चालू होता” हे पहिल्या वाक्यातच सांगावे, म्हणजे प्राणवायू देण्यात वेळ जाणार नाही. घरात एकाहून अधिक माणसांचे डोके एकाच सकाळी दुखत असेल, तर प्रवास, उपवास, थंडी यांस दोष देण्यापूर्वी गिझरकडे पाहावे. आमच्या पाहुण्यांचे डोके दुखले तेव्हाच कोणी हे ओळखले असते, तर पुढचे टळले असते.

शेवटी विचार करता असे वाटते की, आपल्या आजीच्या काळची रीत काही वेडगळ नव्हती. विस्तव बाहेर आणि पाणी आत, ही त्या रीतीची विभागणी होती. आम्ही सोयीसाठी विस्तव आत आणला आणि त्याच्या धुरास दार ठेवावयास विसरलो. तांब्याचा तो बंब सभागृहात आहेच. पुढच्या वेळी त्याजवळून जाताना वाचकांनी त्याची वरची नळी अवश्य पाहावी.

ज्या घरी यंदा गिझर बदलावयाचा असेल, त्यांनी कारागिरास बोलाविण्यापूर्वी आम्हांस एक निरोप धाडावा. आम्ही काही गॅसचे कारागीर नाही. पण टेप आणि उदबत्ती घेऊन आम्हांपैकी कोणी ना कोणी जरूर येईल, आणि चहाच्या आधी घराबाहेर जाऊन भिंत पाहील.